तलवारबाजी: सराव कसा करावा

तलवारबाजी शिकणाऱ्या मुलांना कधी एकदा मास्क चढवून सामना खेळतो असं झालेलं असतं. पण गुण मिळतात ते पायांच्या जोरावर. १४ मीटर लांब पट्टीवर सगळा खेळ अंतराचा आहे. म्हणून मागेपुढे सरकण्याचा सराव जोडीदारासमोर करा. तो एक पाऊल पुढे आला, की आपण तेवढंच मागे.

लंज करताना, म्हणजे झेप घेताना, आधी हात सरळ होतो, मग पुढचा पाय उचलतो. पाय आधी निघाला, की समोरच्याला आपला बेत कळतो. पुढचा गुडघा पंजाच्याच दिशेने वाकतोय ना, हे आरशात बघा.

सरावसामन्यात गुण मोजत बसू नका. आज वार अडवून लगेच उलट वार करायचा, एवढं एकच ठरवा; हरलात तरी चालेल. डावखुरा जोडीदार मुद्दाम शोधा, कारण त्याचं पातं वेगळ्या कोनातून येतं.

ऑलिंपिक खेळलेली पहिली भारतीय तलवारबाज, चेन्नईची भवानी देवी, सुरुवातीला बांबूच्या काठीवर शिकली. साहित्य महाग आहे, हे खरंच. तलवार हाती येईपर्यंत पायांचा सराव गच्चीवरही होतो, फक्त चांगले बूट घाला.