फाल्गुनातील गळ

दिल्लीची थंडी एकाएकी जात नाही. एखाद्या सरकारी फायलीप्रमाणे ती रेंगाळते. माघ संपतो, रस्त्याकडेच्या काटेसावरी लाल होतात, दुपारचे ऊन बोचू लागते, आणि तरीही पहाटे नदीकाठी गेल्यास बोटे बधिर होतात. गळ टाकून मासे धरणाऱ्याला हाच संधिकाल मोलाचा वाटतो. पाणी उतरलेले असते, मासा डोहाच्या तळाशी बसलेला असतो, आणि थंडीत मंदावलेली त्याची भूक नुकती जागी होत असते. पळत्या आमिषामागे धावण्याचा उत्साह त्याला अजून नसतो. पण नाकासमोरून काही सावकाश सरकत गेले, तर ते तो सहसा सोडीत नाही.

ही विद्या मला अगदी अलीकडे, आणि तीही अमेरिकेतून मिळाली. माझा भाचा ओहायो राज्यातील टोलेडो येथे असतो. तेथे मॉमी नावाची नदी ईरी सरोवरास मिळते. बर्फ वितळले की मार्च-एप्रिलमध्ये वॉलाय नावाचे मासे अंडी घालण्यासाठी सरोवरातून या नदीत चढतात, आणि कमरेइतक्या गारठलेल्या पाण्यात माणसे खांद्याला खांदा लावून गळ टाकीत उभी राहतात. या माशाचा डोळा काचेसारखा चकाकतो. अंधुक प्रकाशात पाहण्यासाठी निसर्गाने त्याच्या डोळ्यामागे आरसाच बसविला आहे म्हणाना. सूर्य मावळला की गळ आवरायचा, आणि गळ तोंडात न अडकता अंगात कोठे रुतला असेल तर तो मासा परत सोडायचा, असे तेथील नियम आहेत. दुसरा नियम मला फार आवडला.

गेल्या भेटीत भाच्याने मला डबीभर जिग दिले. जिग म्हणजे शिशाची वाटाण्याएवढी गोळी आणि तिच्यातच ओतलेला गळ. त्यावर मऊ प्लॅस्टिकची, वळणदार शेपटीची मासोळी चढवायची. गोळी तळाला टेकू द्यायची, काठीचे टोक वीतभर उचलायचे, पुन्हा टेकू द्यायची. सारे कौशल्य त्या टेकण्यात आहे. मासा बहुधा ओढीत नाही. गोळी खाली जात असतानाच दोरीवर हलकीशी टिचकी बसते. लहानपणी कृष्णेकाठी गांडूळ लावून बसणाऱ्या माझ्यासारख्याला ही टिचकी ओळखण्यास फार दिवस लागले.

डबी देताना भाच्याने विचारले, “मामा, तुमच्या यमुनेत आता गळाला लागतं तरी काय?”

प्रश्न साधा होता, पण मला लागला. आग्रा कालव्यासाठी १८७४ साली ओखल्यास बंधारा झाला. इंग्रजी अमलात त्याच्याखालच्या पाण्यात लोक महसीर धरीत असत. आज वजिराबादच्या बंधाऱ्यापाशी दिल्लीच्या तहानेसाठी जवळजवळ सारे पाणी उचलले जाते, आणि लगेच खाली नजफगढचा नाला नदीत येतो. वजिराबाद ते ओखला हे अंतर सुमारे २२ किलोमीटर, म्हणजे नदीच्या लांबीच्या दोन टक्क्यांहूनही कमी. पण तिच्या एकूण घाणीचा सुमारे तीन-चतुर्थांश भार याच पट्ट्यात पडतो. मी डबी घेऊन ओखल्यास गेलो होतो. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी साबणाच्या फेसाने पांढरे झाले होते. डबी मी उघडलीच नाही.

भाच्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “आमचं सरोवरही मेलं असंच म्हणत होते की!” ते खरे आहे. १९६० नंतरच्या दशकात कपडे धुण्याच्या चुऱ्यातील फॉस्फरस आणि शहरांचे सांडपाणी यांनी ईरी सरोवर शेवाळाने भरून गेले होते. १९७० साली पाऱ्याच्या भीतीने वॉलायची व्यापारी मासेमारी थांबवावी लागली. १९७२ साली अमेरिका आणि कॅनडा यांनी करार केला, साबणातील फॉस्फरस घटविला, सांडपाणी शुद्ध करण्यावर अफाट पैसा ओतला, आणि मासा परतला. तथापि कथा तेथे संपली नाही. शेतातील खत मॉमी नदीतून सरोवरात येतच राहिले, आणि २०१४ च्या ऑगस्टमध्ये विषारी शेवाळामुळे टोलेडोच्या सुमारे पाच लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका असे सांगण्यात आले. आम्हां दिल्लीकरांना हे नवे नाही. हिवाळ्याअखेरीस नदीत अमोनिया वाढला की आमचीही जलशुद्धीकरण केंद्रे मंदावतात.

ओखल्याच्या काठावर एक वृद्ध मल्लाह माझ्याकडे पाहत होता. तो म्हणाला, “बाबूजी, मछली चाहिए तो पल्ला जाइए।” पल्ला म्हणजे यमुना जेथे दिल्लीत शिरते ते गाव. पुढच्या रविवारी परवाना खिशात घालून तेथे गेलो. नदी तेथे अजून नदी आहे; वाळू आहे, कलिंगडांचे वेल आहेत. वळणावरच्या खोलगटात दोन तास गोळी टेकवीत राहिलो. दोन जिग तळाच्या मुळांत अडकून तुटले. नदीच्या नावाने बोटे मोडणारा मी स्वतःच तिच्यात शिसे टाकून आलो, ही गोष्ट येथे लपविणे बरे नाही.

नंतर ती टिचकी बसली. वर आला तो हातभर लांबीचा, लांब मिशांचा शिंगाळा! या माशाचे वर्णन कर्नल साइक्सने १८३९ साली केले ते पुण्याच्या मुळा-मुठेतील माशावरून, आणि शास्त्रीय नावात त्याने आपला मराठी शब्दच ठेवला. आज जगभर तो ‘सीनघाला’ म्हणून ओळखला जातो. दिल्लीच्या वेशीवर असा गाववाला भेटेल असे मला वाटले नव्हते. पाठीवरचा काटा चुकवून मी गळ काढला, त्याला पाण्यात क्षणभर धरून ठेवले, आणि बळ येताच तो हातातून निसटला.

तेथून खाली वजिराबाद फार दूर नाही. तो प्रवाहाच्या वरच्या अंगाला गेला की खालच्या, हे मला गढूळ पाण्यात दिसले नाही.