शब्दांवाचूनचे आत्मचरित्र

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याने संगीतावर बोलावे, हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटले असेल. मी संगीताचा जाणकार नाही, निव्वळ श्रोता आहे. परंतु संगीत रचणाऱ्या माणसाला भाकरी कोण देतो आणि त्या भाकरीच्या मोबदल्यात त्याच्याकडून काय मागून घेतो, हा प्रश्न माझ्या विषयातला आहे. त्याच वाटेने मी आज पुढे जाणार आहे.

आपल्या चळवळीचे गाण्याशी नाते जुने आहे. राष्ट्र सेवा दलाचे कलापथक, साम्यवादी मित्रांचे १९४४ साली उभे राहिलेले लाल बावटा कलापथक, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील शाहिरांचे पोवाडे, ही परंपरा अभिमानाचीच आहे. मात्र तिच्यामुळे आपल्याला एक सवयही जडली आहे. गाण्यात शब्द असले आणि शब्दांतला आशय आपल्या बाजूचा असला, की ते संगीत आपले. ज्यात शब्दच नाहीत, नुसती वाद्ये आहेत, आणि रचणाऱ्याने स्वतःच्या आयुष्यातले काही त्यात मांडले आहे, ते संगीत आपण दिवाणखान्यातली चैन समजून बाजूला सारतो. ही सवय तपासून पाहिली पाहिजे. त्यासाठी मी तीन उदाहरणे घेतो. तिन्ही युरोपातील आहेत. कारण एकाने कागदावर रचावे आणि इतरांनी ते बरहुकूम वाजवावे ही पद्धत तेथे रुजली. आपल्याकडे वादकाची रचना बहुधा वाजविता वाजविताच होत गेली.

पहिले उदाहरण योसेफ हायडन याचे. हा चाके बनविणाऱ्या कारागिराचा मुलगा. १७६१ साली तो एस्टरहाझी या बड्या सरदार घराण्याच्या चाकरीत लागला. त्याचा करारनामा उपलब्ध आहे आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो अवश्य वाचावा. पांढरे मोजे, स्वच्छ पांढरी वस्त्रे आणि केसांना पावडर, अशा वेषात हजर राहावे; रोज दोन वेळा बाहेरच्या दालनात थांबून आज संगीत हवे की नको याची आज्ञा घ्यावी; मालक सांगेल ते रचावे; रचनेची नक्कल कोणाला देऊ नये आणि परवानगीवाचून दुसऱ्या कोणासाठी रचू नये. थोडक्यात, श्रम मालकाचे आणि श्रमाचे फळही मालकाचे. ही मक्तेदारीची अट १७७९ च्या नव्या करारात गळून पडली.

या दोन करारांच्या दरम्यान, १७७२ साली एक घटना घडली. राजपुत्राचा मुक्काम दलदलीच्या प्रदेशात बांधलेल्या आपल्या नव्या प्रासादात लांबतच चालला होता. वादकांना बायकामुले सोबत आणण्यास मनाई होती. हायडनसह मोजक्या काहींना तेवढी सवलत होती. वादक काकुळतीला आले आणि त्यांनी आपले गाऱ्हाणे हायडनकडे नेले. त्याने अर्ज लिहिला नाही, सिंफनी लिहिली. तिच्या अखेरच्या भागात गती मंदावते आणि एकेक वादक आपले वादन संपवून समोरची मेणबत्ती विझवतो व निघून जातो. शेवटी दोनच व्हायोलिने उरतात. हायडनने उतारवयात आपल्या चरित्रकारांना सांगितलेल्या हकिकतीनुसार, राजपुत्राला इशारा उमगला आणि लवकरच मुक्काम हलला. ‘फेअरवेल’ या नावाने ती सिंफनी आजही वाजविली जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. घराची ओढ हा हायडनचा स्वतःचा अनुभव नव्हता. तो सहकाऱ्यांचा होता. हायडनजवळ होती ती कल्पनाशक्ती. दुसऱ्याचे दुःख आपले करून घेण्याची ताकद म्हणजेच कल्पनाशक्ती, आणि त्याच ताकदीवर कामगारांची संघटनाही उभी राहते.

दुसरे उदाहरण चेक संगीतकार बेदरिच स्मेताना याचे. १८७४ साली, वयाच्या पन्नाशीत, प्राग येथील रंगभूमीवर तो काम करीत असता काही महिन्यांतच त्याचे दोन्ही कान गेले. नोकरी गेली. आपल्या ऑपेरांचे प्रयोग करण्याची मुभा देऊन त्या बदल्यात त्याने वार्षिक मानधन पत्करले. तेही वेळेवर हाती पडत नसे. अखेर १८७६ साली शहर सोडून तो खेड्यात लेकीजावयाच्या घरी राहावयास गेला. म्हातारपणी कलावंत कोणाच्या आधाराने जगतो, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक समाजांनी असेच दिले आहे: नातलगांच्या.

त्याच वर्षी त्याने दोन व्हायोलिने, एक व्हिओला आणि एक चेलो अशा चार वाद्यांसाठी एक रचना पुरी केली आणि तिला नाव दिले ‘माझ्या जीवनातून’. पहिल्या भागात तारुण्यातली कलेची ओढ आहे, दुसऱ्यात नाचाचे दिवस, तिसऱ्यात पहिल्या पत्नीवरचे प्रेम. चौथा भाग आनंदाचा आहे. आपल्या देशाच्या संगीताची वाट सापडल्याचा तो आनंद. तो रंगात आलेला असतानाच संगीत एकाएकी थांबते. खालची तीन वाद्ये थरथरू लागतात आणि त्यांच्यावर पहिल्या व्हायोलिनचा एकच स्वर, अतिशय उंच आणि बारीक, ताणून धरला जातो. बहिरेपण येण्याआधी त्याच्या कानांत अखंड वाजणारा हाच तो स्वर. आपल्या भाषेत सांगायचे तर तो त्या रचनेचा षड्जच आहे. ज्या स्वराच्या आधारावर सारी इमारत उभी, तोच वरच्या सप्तकात व्याधी होऊन येतो.

ही रचना प्रथम प्राग येथील एका संगीतसंस्थेने वाजविण्यास अवघड म्हणून नाकारली. आज ती जगभर वाजते. चेक भाषेचा एक शब्दही ठाऊक नसलेल्या श्रोत्याला तो स्वर कळतो, कारण आपल्या आयुष्यात असा एखादा स्वर प्रत्येकाने ऐकलेला असतो. अगदी खाजगी असलेली गोष्ट प्रामाणिकपणे मांडली की ती सार्वजनिक होते. आपल्या मराठी दलित आत्मकथनांनी शब्दांतून हेच सिद्ध केले आहे.

आता तिसरे उदाहरण. ते आपल्याला टोचणारे आहे आणि म्हणूनच ते टाळता येणार नाही. दिमित्री शोस्ताकोविच हा राज्यक्रांतीनंतरच्या रशियात वाढलेला संगीतकार. जानेवारी १९३६ मध्ये ‘प्रावदा’ने त्याच्या ऑपेरावर निनावी अग्रलेखातून झोड उठविली. त्याच वर्षअखेर त्याने आपली चौथी सिंफनी सादर होण्यापूर्वीच मागे घेतली. ती लोकांनी ऐकली १९६१ च्या डिसेंबरात, पंचवीस वर्षांनी. १९४८ साली पक्षाच्या ठरावाने पुन्हा त्याच्यावर ठपका ठेवला आणि अध्यापनाची पदेही गेली. हे सर्व जनतेच्या नावाने झाले.

१९६० च्या जुलैत एका चित्रपटाच्या कामासाठी तो ड्रेस्डेनजवळच्या गोरिश गावी गेला होता. त्याच सुमारास, मनाविरुद्ध, तो पक्षाचा सदस्य होत होता. चित्रपटाचे काम बाजूस राहिले आणि तीन दिवसांत त्याने चार तंतुवाद्यांसाठी आपली आठवी रचना लिहिली. अर्पणपत्रिका होती फॅसिझम आणि युद्ध यांच्या बळींना. मित्राला लिहिलेल्या पत्रात मात्र त्याने वेगळे कबूल केले: मी मेल्यावर माझ्या स्मरणार्थ कोणी काही रचील असे वाटत नाही, म्हणून मीच रचून ठेवले. तिच्यात एक चार स्वरांची खूण पुनःपुन्हा येते: रे, कोमल ग, सा आणि खालचा नी. जर्मन स्वरनामांत ती त्याच्या नावाची आद्याक्षरे होतात. आपली सही त्याने स्वरांत केली होती. शिवाय झारच्या तुरुंगात छळ सोसून मेलेल्या क्रांतिकारकांसाठी गायिले जाणारे एक जुने गाणेही त्यात, शब्दांवाचून, वाद्यांवर येते. क्रांतीचे गाणे क्रांतीने उभारलेल्या राज्यातील एका दबलेल्या माणसाच्या शोकात मिसळते. मित्रहो, शब्द असते तर ते खोडले गेले असते. स्वर राहिले.

कोणी म्हणेल, हा युक्तिवाद भांडवलदारांच्या सोयीचा आहे. मला तसे वाटत नाही. बाजार कलावंताला काय विकले जाईल ते सांगतो, सरदार काय आवडेल ते सांगे, आणि पक्ष काय अनुभवावे ते सांगू लागला. तिघांची जात एकच. कामगाराच्या श्रमावर परक्याचा ताबा नको, असे आपण म्हणतो. मग त्याच्या आठवणींवर आणि स्वप्नांवर तो कसा चालेल? आठ तासांच्या दिवसाची मागणी पुढे आली तेव्हा तिच्यात आठ तास कामाचे, आठ विश्रांतीचे आणि आठ तास ज्याचे त्याचे, असा हिशेब होता. ते शेवटचे आठ तास हा माझ्या मते समाजवादाचा गाभा आहे.

आता हे आपल्या दारापर्यंत आणतो. लग्नाच्या वरातीपुढे कॉर्नेट वाजविणारा बँडवाला आपण सगळेच पाहतो. छातीचा भाता करून तो रात्रभर दुसऱ्याच्या आनंदाची, दुसऱ्याने सांगितलेली गाणी वाजवितो. हंगाम सरला की रिकामा. हायडनला निदान बारा महिने पगार होता. त्याच्या स्वतःच्या आयुष्यातले काही त्या कॉर्नेटमधून यावे, असे कोणी त्याला म्हटले आहे काय? तेवढी उसंत त्याला कोणी दिली आहे काय? असंघटितांच्या प्रश्नांची यादी आपण करतो तेव्हा किमान वेतन, आजारपणातली मदत आणि म्हातारपणीचे निवृत्तिवेतन या मागण्यांत त्याचे नाव घाला. वस्तीतल्या मुलांना वाद्य हाती मिळेल असा एखादा वर्ग चालवा.

आणि एवढे केल्यावर, त्यातले कोणी उद्या काही नवे रचून आपल्यापुढे वाजवू लागले, तर यात चळवळ कुठे आहे असे त्याला विचारू नका. ऐकून घ्या. त्याला ते वाजवावेसे वाटले आणि वाजविण्याइतकी सवड मिळाली, यातच आपले बरेचसे काम झालेले असेल.