माग, लेजर आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत केलेले भाषण. वक्त्यांनी स्वतः लिहून दिलेला मजकूर.)



सेक्रेटरींनी मला ‘विज्ञानातील नवे शोध आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा समाजावर परिणाम’ असा विषय दिला, तेव्हा मी त्यांना म्हटलं, “अहो, मी बँकेतला माणूस. माझा आयुष्यातला सगळ्यात मोठा शोध म्हणजे बॅलन्सिंगला न जुळणारे सदुसष्ट पैसे.” ते म्हणाले, “काका, तेच सांगा.” म्हणून जे वाचलं, पाहिलं आणि भोगलं तेवढंच सांगणार आहे. शेवटी एक गोष्ट अशी सांगणार आहे, जी मी या सोसायटीत आजवर कुणालाही सांगितलेली नाही.

सुरुवात आपल्या भिवंडीपासून करू. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा पहिल्या रात्री पाहुण्यांना झोप लागायची नाही. का? तर मागांची खटखट. आपल्याला मात्र वीज गेली आणि माग थांबले की जाग यायची! पण संगणकाचा वंश या मागाशीच जोडलेला आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? फ्रान्समधल्या लियाँ शहरात जोसेफ जॅकार्ड नावाच्या माणसाने 1804 साली नक्षीदार कापड विणणारा माग तयार केला. त्यात पुठ्ठ्याची छिद्र पाडलेली कार्डं असत. छिद्र असेल तिथे ताण्याचा धागा वर उचलला जाई, नसेल तिथे खालीच राही. हो किंवा नाही, एवढीच भाषा. पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणित करणाऱ्या यंत्रासाठी हीच कार्डं वापरायचं ठरवलं. अमेरिकेच्या 1890 च्या जनगणनेत हर्मन हॉलेरिथने छिद्रांच्या कार्डांवर माणसं मोजली आणि त्याचीच कंपनी पुढे आयबीएममध्ये सामील झाली. तेव्हा संगणक हा भिवंडीकराला काही परका नाही, लांबचा भाऊबंदच आहे.

आणि यंत्र आलं की काय होतं, हेही या गावाइतकं कुणी पाहिलेलं नाही. इथे आधी हातमाग होते, मग यंत्रमाग आले आणि हातमाग गेले. 1982 च्या जानेवारीत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगारांनी संप केला. तिकडे गिरण्या बंद आणि इकडे भिवंडीचे माग रात्रंदिवस चालू. गिरणगावात चूल विझली तेव्हा आपल्याकडे भट्टी पेटली होती, हे विसरून चालणार नाही. आज त्याच मागांपैकी कितीतरी भंगारात गेले आणि नाशिक हायवेला गोदामं उभी राहिली. एकाचं गेलं, दुसऱ्याचं आलं. पण ज्याचं गेलं त्यालाच आलं, असं फार थोड्या वेळा झालं.

आता बँकेकडे येतो. 1983 साली बँकांत यंत्रं आणण्याविषयी युनियन आणि बँका यांच्यात करार झाला. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर डॉ. रंगराजन यांची समिती बसली आणि 1984 साली तिचा अहवाल आला. मी तेव्हा तरणाबांड क्लार्क होतो आणि काळी फीत लावून गेटवर घोषणा देण्यात पुढे होतो. ‘संगणक म्हणजे बेकारी’ हा फलक माझ्याच हस्ताक्षरात होता. अक्षर चांगलं म्हणून मला ते काम मिळालं होतं!

मी चूक होतो की बरोबर? सत्तरी ओलांडल्यावर वाटतं, निम्मा निम्मा. सेव्हिंग्जचं सहामाही व्याज हाताने काढताना आम्ही रात्री अकरा-अकरापर्यंत बसायचो. लेजर पोस्टिंग मशीन आलं आणि तेच काम संध्याकाळच्या लोकलच्या आत होऊ लागलं. पुढे कोअर बँकिंग आलं, भिवंडीचा खातेदार कोल्हापुरात पैसे काढू लागला. हे वाईट झालं असं कोण म्हणेल? पण 2000-01 मध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि सरकारी बँकांतून सुमारे एक लाख माणसं बाहेर पडली, हेही खरं. तरीसुद्धा आमचं नशीब गिरणी कामगारांपेक्षा बरं होतं. आमच्याकडे यंत्र आलं ते बोलणी करून, करार करून, सावकाश आलं. शिकायला वेळ मिळाला. यंत्र चांगलं की वाईट यापेक्षा ते कुणाला विचारून आणि किती वेगाने येतं, हा प्रश्न मोठा असतो. माझ्या नोकरीतून मी काढलेला हा एकच निष्कर्ष आज तुम्हाला द्यायचा आहे.

मग ही कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय, आहे तरी काय? बँकेच्याच भाषेत सांगतो. चेक पास करताना आम्ही स्पेसिमेन कार्डवरची सही पडताळायचो. नवीन मुलगा यायचा, त्याला नियम काय सांगणार? ‘र’ची वेलांटी एवढी, रेघ तेवढी? असा नियम नसतोच. हजारो सह्या नजरेखालून गेल्या की एक दिवस खोटी सही आपोआप डोळ्यांत खुपते. कशावरून, ते सांगता येत नाही. जुना संगणक नियमांवर चालायचा, आपण सांगू तेवढंच करायचा. एआय उदाहरणांवरून शिकतं. त्याला कोट्यवधी चित्रं, मजकूर, आवाज दाखवले जातात आणि त्यातली वळणं ते ओळखू लागतं. 2022 च्या 30 नोव्हेंबरला चॅटजीपीटी आलं ते याच जातीचं. पुढचा शब्द कोणता असावा याचा अंदाज बांधत बांधत ते लिहितं. म्हणून ते छान बोलतं, आणि म्हणूनच छान चुकतंही.

याचा अनुभव आपल्या सोसायटीने घेतलेला आहे. गळतीचा खर्च कुणी करायचा या वादात एक सभासद एआयकडून उपविधीचा उतारा छापून घेऊन आले. क्रमांक होता, भाषा अगदी कायद्याची होती. मी उपविधींचं पुस्तक उघडलं, तर त्या क्रमांकाखाली भलताच विषय! त्या सभासदांनी खोटेपणा केला नव्हता. यंत्रालाही खोटं बोलायचं नव्हतं. त्याला खरं-खोटं हा भेदच ठाऊक नाही, त्याला फक्त ‘शोभेल असं’ ठाऊक आहे.

पण हेच तंत्र शास्त्रज्ञांच्या हातात गेलं तर काय होतं पाहा. आपल्या शरीरातलं प्रत्येक प्रथिन म्हणजे एक लांब धागा. तो धागा विशिष्ट घडी घालून बसतो आणि त्या घडीवर त्याचं काम ठरतं. ही घडी शोधायला एकेका प्रथिनामागे वर्षं जायची. जगभरच्या प्रयोगशाळांनी पन्नास वर्षं खपून दोन लाखांच्या आतच रचना शोधल्या होत्या. अल्फाफोल्ड नावाच्या एआयने 2022 पर्यंत सुमारे वीस कोटी प्रथिनांच्या घड्यांचा अंदाज मांडला आणि तो सर्वांना मोफत खुला झाला. त्यासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. भौतिकशास्त्राचं नोबेलही त्या वर्षी जॉन हॉपफिल्ड आणि जेफ्री हिंटन यांना मिळालं, ज्यांच्या कामावर आजचं एआय उभं आहे. गंमत म्हणजे हिंटनसाहेब स्वतःच आता त्याच्या धोक्यांबद्दल जगाला सावध करत असतात.

सगळं नवं एआयनेच होतं असंही नाही. आपल्यापासून तास-दीड तासावर, पवईच्या आयआयटीत आणि टाटा मेमोरियलमध्ये मिळून रक्ताच्या काही कर्करोगांवर पेशींचा उपचार तयार झाला. रुग्णाच्याच रक्तातल्या संरक्षक पेशी काढायच्या, त्यांना कर्करोग ओळखायला शिकवायचं आणि परत शरीरात सोडायच्या. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये त्याला मान्यता मिळाली आणि 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. परदेशात ज्याला कोटींत पैसे लागतात, ते इथे साधारण एक दशांश खर्चात होतं. तोही सामान्य माणसाला जडच, पण वाट उघडली. इकडे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे. चार-चार किलोमीटरचे दोन बाहू, आणि मोजायचा फरक अणूच्या गाभ्याहूनही कितीतरी पट बारीक. जिथे आपण ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला जातो, तिथून विश्वातल्या कृष्णविवरांची टक्कर ‘ऐकली’ जाईल.

शेतीतही हे पोचलं आहे. बारामतीला कृषी विज्ञान केंद्राने उसात सेन्सर बसवून, उपग्रहाची चित्रं आणि हवामान जोडून, कधी किती पाणी द्यावं हे शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठीत सांगायला सुरुवात केली. माझ्या जुन्या खात्याचंही सांगतो. फसवणुकीचा पैसा फिरवायला दुसऱ्याची खाती भाड्याने घेतात, ती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने ‘म्यूलहंटर’ नावाचं एआय बनवलं. आमच्या वेळी असं खातं अनुभवी पासिंग ऑफिसरच्या नाकाला वास आला तरच सापडायचं.

आता दुसरी बाजू. गोदामात काम करणारा एक मुलगा मला रिक्षात भेटला. बीकॉम आहे. म्हणाला, “काका, हातातलं स्कॅनर सांगतं कुठल्या रॅकला जायचं. पाच मिनिटं थांबलो तर तेही त्याला कळतं.” मी विचारलं, साहेब कोण? तो हसला, म्हणाला, “तेच.” आमचा मॅनेजर कितीही खाष्ट असला तरी घरी आजारपण असेल तर त्याला सांगता यायचं. स्कॅनरला काय सांगणार?

आणि आता ती गोष्ट.

गेल्या वर्षी श्रावणात, दुपारी मी एकटाच घरी होतो. ही देवळात गेली होती. फोन आला. समोर पोलिसाच्या वेषातला माणूस. म्हणाला, तुमच्या मुलाला पुण्यात पकडलं आहे, ड्रग्जचं प्रकरण आहे. मी म्हटलं, शक्य नाही. तो म्हणाला, बोला त्याच्याशी. आणि माझ्या मुलाचा आवाज आला: “बाबा, ते सांगतात तसं करा. कुणाला सांगू नका.” मंडळी, तो त्याचाच आवाज होता. ‘बाबा’ म्हणताना तो शेवटी जरा ओढतो, तसाच ओढला होता. मी छत्तीस वर्षं लोकांना फसवणुकीपासून सावध केलं, आणि माझे पाय लटपटले. फोन चालू ठेवून खिशात ठेवायचा आणि सहा लाख पाठवायचे, असा हुकूम झाला. मी मुकाट शर्ट चढवला आणि बँकेत एफडी मोडायला गेलो.

काउंटरवर एक मुलगी होती. माझ्या नातीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. तिने पावती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. “काका, तीन महिन्यांत मॅच्युअर होतेय, आता का मोडताय?” मी म्हणालो, “तुम्हाला काय करायचंय? मोडा.” असं मी काउंटरवर कधीच कुणाशी बोललो नव्हतो. ती काही बोलली नाही. तिने एक व्हाउचर उलटं केलं, त्यावर लिहिलं आणि माझ्याकडे सरकवलं: ‘फोनवर कोणी आहे का?’

मी मान हलवली. तिने हात पुढे केला, मी खिशातून फोन काढून दिला आणि तिने तो बंद केला. मग मॅनेजरच्या फोनवरून मुलाला फोन लावला. तो ऑफिसात डबा खात होता.

त्याचा आवाज कुठून मिळाला? भाचीच्या लग्नात त्याने माइकवर चार वाक्यं बोलली होती, तो व्हिडिओ आम्हीच कौतुकाने सगळीकडे टाकला होता. आवाजाची नक्कल करायला आता काही सेकंदांचा नमुना पुरतो.

हे मी घरच्यांखेरीज कुणाला सांगितलं नाही, कारण लाज वाटली. बँकेतला माणूस आणि फसला! पण नंतर लक्षात आलं, या लाजेवरच त्या लोकांचा धंदा चालतो. म्हणून आज माइक हातात घेऊन सांगतो आहे. ज्याला असा फोन आला असेल त्याने माझ्याकडे यावं, मी हसणार नाही.

त्या दिवशी मी ते पैसे मोबाइलवरून पाठवले असते, तर यंत्राने मला ओटीपी विचारला असता. ‘का मोडताय?’ असं विचारलं नसतं. ती मुलगी नियमाने बांधलेली नव्हती. एफडी माझी, सही माझी, तिने निमूटपणे मोडली असती तरी कुणी तिला दोष दिला नसता. तिने माझा चेहरा पाहिला, एवढंच.

म्हणून आपल्या सोसायटीपुढे तीन गोष्टी ठेवतो. एक, प्रत्येक घराने आपसात एक खुणेचा शब्द ठरवावा. असा फोन आला की तो विचारायचा, आणि फोन बंद करून त्या माणसाला आपल्याकडच्या नंबरवर स्वतः लावायचा. ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकार कायद्यात नाही. पैसे गेलेच तर क्षणभरही न दवडता 1930 वर कळवायचं. दोन, तरुणांनी महिन्यातून एक रविवार आम्हा म्हाताऱ्यांना द्यावा. आम्ही मोबाइल शिकू, तुम्हाला हिशेब शिकवू. तीन, पुढच्या सर्वसाधारण सभेत चेहरा ओळखणारे कॅमेरे बसवून रात्रपाळीचा वॉचमन कमी करायचा विषय आहे. कॅमेरे जरूर बसवा, माझा विरोध नाही. एकदा फलक रंगवून झाला, पुरे! पण माणूस काढू नका. त्या दुपारी मी गेटमधून बाहेर पडताना “काका, बरं नाही का?” असं आपल्या वॉचमननेच आधी विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही, ही माझी चूक. कॅमेऱ्याने मला बरोबर ओळखलं असतं आणि गेट उघडलं असतं.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण एकमेकांना ओळखत नव्हतो. आज जिन्यावरच्या पावलांवरून कोण आलं ते सांगतो. ही ओळख पंचवीस वर्षांत हळूहळू जमली आहे, ती खर्चात धरू नका, ठेवीत धरा.