यशाच्या सवयी आणि घरातला हिशेब

(हिंगोली येथे आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

समोर बसलेल्या मुलामुलींनो, आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या अम्मी-अब्बांनो, दादा-दादींनो.

मला विषय दिलाय, यशस्वी माणसांचे गुण कोणते. या विषयावरची भाषणं तुम्ही खूप ऐकली असतील. पहाटे उठा, वेळ वाया घालवू नका, मोठी स्वप्नं बघा. यातलं काही चूक नाही. पण पहाटे उठण्यानंच यश मिळत असतं, तर हळद काढणीच्या दिवसांत वसमतच्या शिवारात मजुरीला जाणाऱ्या बाया आज जिल्ह्यात सगळ्यात श्रीमंत असत्या. त्या चारलाच उठतात. म्हणजे नुसत्या सवयीनं भागत नाही. ती सवय कशासाठी वापरायला मिळते, हेही बघावं लागतं.

हळदीचंच बघू. 2024 साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, आपण सगळ्यांनी अभिमानानं बातमी पुढे पाठवली. पण ती हळद होते कशी? मे-जूनमध्ये बेणं लावायचं. त्यानंतर आठ-नऊ महिने वर फक्त पाला दिसतो, खाली काय चाललंय ते कळत नाही. तरी पाणी द्यायचं, खुरपायचं, माती लावायची. पाला वाळला की काढणी. तेवढ्यावरही संपत नाही, शिजवायची, उन्हात वाळवायची, पॉलिश करायची, तेव्हा ते हळकुंड बाजारात उभं राहतं. शिजवण्यात घाई केली तर वर्षभराची मेहनत भावात मार खाते. अभ्यासाचंही असंच आहे, हे वेगळं सांगायला नको.

त्यातली एक गोष्ट मात्र मला फार शिकवून गेली. शेतकरी सगळ्यात चांगले कंद विकत नाही. ते पुढच्या वर्षाच्या बेण्याला ठेवतो. आपण उलटं करतो. दिवसातला सगळ्यात ताजा तास मोबाइलला देतो आणि उरलेला, डोळे मिटत असलेला तास पुस्तकाला.

आता आपल्या मराठवाड्यातलंच उदाहरण. अन्सार शेख यांचं नाव इथं कुणाला माहीत नाही असं नसेल. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातला मुलगा, वडील रिक्षा चालवायचे, आई शेतात मजुरी करायची. 2015 ची केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा पहिल्याच प्रयत्नात पास, देशात 361 वा क्रमांक, वय 21. त्यांचा फोटो लावून खाली 'जिद्द' लिहिलेलं आपण बघतो. पण त्यांनी स्वतः मुलाखतींमध्ये काय सांगितलंय ते वाचा. चौथीत असताना नातेवाईक म्हणाले, याला शाळेतून काढा. वडील शाळेत गेले, तर शिक्षकांनी समजावलं की पोरगा हुशार आहे, काढू नका. वडिलांनी ऐकलं. पुढे धाकट्या भावानं शाळा सोडून काम धरलं आणि पैसे मोठ्याच्या शिक्षणाला दिले. पुण्यात खोली मिळेना, म्हणून मित्राचं हिंदू नाव सांगून राहावं लागलं.

जिद्द होतीच, प्रश्न नाही. पण एका शिक्षकाचं बोलणं, बापाचं ऐकणं आणि भावाची मजुरी या तीन गोष्टी त्या फोटोत दिसत नाहीत. आणि नाव बदलून खोली घ्यावी लागणं याला मी गुण म्हणणार नाही. त्याला तोंड देता येणं हा गुण आहे, पण तशी वेळ येणं ही आपल्या शहरांची लाज आहे. म्हणून पालकांना माझं म्हणणं एवढंच: पोरात गुण आहेत का हे विचारण्याआधी, घरात त्याची किंमत कोण मोजतंय ते बघा. बहुतेक घरांत ती बहीण मोजते. भावाची परीक्षा असली की घर शांत असतं. बहिणीची परीक्षा असली तरी पाहुणे आले की चहा तिनंच टाकायचा. तिला रोज दोन तास द्या, त्या दोन तासांत हाक मारू नका. मग तिच्यात चिकाटी आहे की नाही ते बोलू.

औंढ्याजवळ दुधाळ्याला मोठी वैज्ञानिक प्रयोगशाळा होतेय, लायगो. 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला मंजुरी दिली. अंतराळातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी पकडायच्या. या कल्पनेवर राबलेले रेनर वाइस हे विद्यार्थी असताना कॉलेज सोडून बसले होते, मग प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागले, पुन्हा शिकले. 1972 साली त्यांनी या यंत्राचा आराखडा सविस्तर मांडला. पहिली लहर सापडली 14 सप्टेंबर 2015 ला. 43 वर्षं! त्या वर्षांत बरंचसं काम होतं गोंगाट शोधण्याचं: ट्रक गेला, जमीन हलली, आरसा थरथरला, यातलं खरं काय आणि खोटं काय. तुम्ही तपासलेली उत्तरपत्रिका हातात आल्यावर फक्त गुण बघून ती गादीखाली ढकलता. एक वही करा, त्यात प्रत्येक चुकलेलं गणित आणि ते का चुकलं ते लिहा. मला विचाराल तर एवढी एक सवय दहा भाषणांच्या तोडीची आहे.

आता एक सवय अशी, जी यशाच्या पुस्तकात नसते. कागद नीट ठेवणं.

हसू नका. आपल्या पोरांचं नुकसान बुद्धीपेक्षा कागदानं जास्त होतं. शाळेच्या दाखल्यावर 'शेख' आधी, आधारवर 'शेख' शेवटी, बँकेत वडिलांचं नाव अर्धंच. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना यंत्राला हे तिघं वेगवेगळे लोक वाटतात. आठवीच्या मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. सरकारी, नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत असाल, सातवीत 55 टक्के असतील आणि घरचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, तर बसता येतं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. त्या पैशात वह्या-पुस्तकं येतात, आणि धाकट्याला गॅरेजला पाठवायची वेळ कदाचित टळते. पण उत्पन्नाचा दाखला आदल्या दिवशी तहसीलला जाऊन मिळत नसतो.

बागवान, तांबोळी, मोमीन, पिंजारी अशा बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. जातीच्या दाखल्याला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. तो दादांच्या शाळेच्या नोंदीत असू शकतो, जमिनीच्या जुन्या कागदात असू शकतो. आपला भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे घरातले जुने कागद पुष्कळदा उर्दूत असतात. पोरांना ते वाचता येत नाहीत, दादांना येतात. पोरांनो, म्हणून दादा आहेत तोवर पेटी उघडा, त्यांच्याजवळ बसा, कोणता कागद कशाचा ते लिहून घ्या. बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ करून हे होत नाही.

आणि मदत मागायला लाजू नका. आपल्यात एक खोटा बाणेदारपणा आहे, विचारलं तर कमीपणा येतो असं वाटतं. अन्सार शेख यांचे वडील गुरुजींकडे गेले नसते तर गोष्ट चौथीतच संपली असती. गुरुजींना विचारा, तलाठ्याला विचारा, कॉलेजात गेलेल्या शेजारच्या पोरीला विचारा. तिनं मागच्या वर्षी हेच अर्ज भरलेत.

वेळ बराच झाला, चहा थांबलाय. आठवीत असलेल्या मुलांच्या पालकांनी जाऊ नका. आधार आणि शाळेच्या बोनाफाइडची झेरॉक्स आणलेल्यांनी डावीकडच्या टेबलाजवळ या. नावं जुळतात का ते आपण आत्ताच बघू. ज्यांनी आणली नाही त्यांनी घरी जाऊन घेऊन या, मी मगरिबपर्यंत इथंच आहे.