गर्भिणी, मांजर आणि रक्ताचा कागद

मी वैद्य नव्हे. हयात मुलांस शिकविण्यांत गेली. पण आमच्या आजऱ्यांत प्रयोगशाळेचा इंग्रजी कागद हातीं पडला, कीं तो वाचून घेण्यास मंडळी अजूनहि मास्तरांकडेच येतात. गर्भिणीच्या 'टॉर्च' तपासणीच्या कागदावर 'टॉक्सोप्लाझ्मा' हें नांव दिसलें, कीं घरचें मांजर पोत्यांत आणि सुनेचा जीव टांगणीस, असा प्रकार होतो. म्हणून हा विषय घेतला आहे.

हा एकपेशी जीव 1908 सालीं ट्यूनिसमध्यें निकोल आणि मान्सो यांस उंदरासारख्या एका प्राण्यांत सांपडला. मांजराच्या विष्ठेंतून त्याचीं बीजें बाहेर पडतात, हें मात्र 1970 च्या सुमारास उलगडलें. तरी भाताच्या कणगीची राखण करणारें मांजर हांकलण्याचें कारण नाहीं. तें बहुधा आयुष्यांत एकदांच, एक ते तीन आठवडे, हीं बीजें टाकतें. खरें भय मातीचें, न धुतलेल्या भाजीचें, अर्धकच्च्या मटणाचें आणि दूषित पाण्याचें. 2004-05 च्या सुमारास कोइमतूर शहरांत याच रोगानें डोळ्यांची सांथ आली, तेव्हां संशय नळाच्या पाण्यावर गेला होता. परसांतील माती उकरण्याचें काम गर्भिणीनें दुसऱ्याकडे सोंपवावें, हें बरें.

आतां कागदाकडे वळूं. 'आयजीजी' म्हणजे रोग केव्हां तरी होऊन गेल्याची खूण. तो गर्भधारणेपूर्वीं झाला असेल, तर निरोगी स्त्रीच्या गर्भास सहसा धोका नसतो. 'आयजीएम' ही नुकत्या लागणीची खूण समजतात. पण ती कित्येकदां महिनोन् महिने टिकते, आणि खोटीहि निघते. तेवढ्यावरून गर्भ काढून टाकण्याचा विचार करणें, हा माझ्या मतें शुद्ध अविचार होय. रक्त नामांकित प्रयोगशाळेंत पुन्हां तपासून 'अ‍ॅव्हिडिटी' परीक्षा करवावी. पहिल्या तीन महिन्यांत ती उच्च आली, तर लागण गर्भधारणेच्या आधींची, असें धरतात. कमी आली म्हणजे लागण ताजीच, असें मात्र सिद्ध होत नाहीं.

लागण ताजी ठरल्यास? प्रारंभीं ती बाळापर्यंत पोंचण्याचा संभव थोडा, पण पोंचल्यास मेंदू व डोळे यांची हानि मोठी. शेवटच्या महिन्यांत नेमकें उलट. अठराव्या आठवड्यापूर्वीं स्पायरामायसिन देतात. पुढें गर्भजलाची पीसीआर तपासणी होते, आणि बाळास लागण दिसल्यास पायरिमेथामिन व सल्फाडायझिन, फोलिनिक आम्लासह, तज्ज्ञाच्या देखरेखीखालीं देतात.

राहिली गोष्ट वारंवार गर्भ पडणाऱ्या स्त्रियांची. हा कागद पुढें करून त्यांस दोष देतात, तें अन्यायाचें आहे. जुनी लागण पुनःपुन्हा गर्भ पाडीत नाहीं. कारण अन्यत्र शोधावें लागतें, आणि त्यासाठीं कधीं कधीं पतीचेंहि रक्त तपासावें लागतें.