आकड्याचे घर गाठा



आपल्या गावची मुले हल्ली कॉलेजात हवामानबदलावर प्रबंध लिहितात. आकडे चहूकडून येतात. वर्तमानपत्रातून, भाषणातून, मोबाइलवरून. त्यांतला खरा कोणता मानायचा? सोयरीक जुळवताना आपण नुसत्या मध्यस्थाच्या शब्दावर राहतो का? नाही, घर पाहून येतो. तसे आकड्याचेही घर गाठावे.

उदाहरण सांगतो. जगातल्या सरकारांना या विषयाची माहिती मिळावी म्हणून १९८८ साली आयपीसीसी हे मंडळ स्थापन झाले. हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याचा संभव फार आहे, असे त्याच्या २००७ च्या अहवालात छापले गेले. आधार कशाचा? एका निसर्गसंरक्षण संस्थेच्या २००५ च्या अहवालाचा. आणि त्याला आधार? १९९९ सालच्या एका नियतकालिकातला लेख! मुळाशी तपासलेला अभ्यास नव्हताच. जानेवारी २०१० मध्ये मंडळाने चूक मान्य केली. म्हणून हिमनद्या वितळत नाहीत असे मात्र समजू नका, बरं का. त्या वितळताहेतच, चुकले ते साल.

तेव्हा मोठ्या ग्रंथात छापले आहे म्हणून थांबू नये. त्याने दिलेला आधार उघडावा. मोजणी कोणी केली, कुठे केली, किती वर्षे केली, हे पाहावे. २६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस घ्या. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. कुलाब्याला अवघा ७३! शिवाय एका दिवसाच्या पावसावरून हवामान ठरत नाही. त्याला निदान तीस वर्षांची नोंद लागते.

अशा नोंदी १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याकडे आहेत. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी भारतापुरता अहवाल २०२० साली सिद्ध केला. १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले, असे त्यात दिले आहे. तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो. विद्यार्थ्याने आरंभ तेथून करावा.

गुरुजनांना एक विनंती. प्रबंधातल्या प्रत्येक आकड्यापाशी विचारा, ‘हा कोठून आला?’ चुकीच्या आकड्याने विद्यार्थ्याचे चार गुण जातील. पण त्यावर विसंबून कोणी पेरणी केली, तर शेतकऱ्याचे बियाणे जाईल.