दूध पाजल्यानंतरची घटका

(तालुक्यातील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढे माहिती अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



स्तनपान हा विषय आरोग्य केंद्राचा, अंगणवाडीचा, फार तर महिला मंडळाचा, अशी आपली समजूत असते. सभेत पुरुषांची संख्या अधिक असणार हे ठाऊक होते, म्हणूनच मी तो निवडला. वैद्यकाचा अधिकार माझ्याकडे नाही. मी कला शाखेचा पदवीधर. जाणकारांनी सांगितलेले लोकांपर्यंत नेणे एवढेच माझे काम. परंतु आज मी ज्याविषयी बोलणार आहे त्याला पदवीपेक्षा घरातल्या दोन रिकाम्या हातांची गरज अधिक आहे.

बाळ जन्मल्यापासून तासाभराच्या आत त्याला अंगावर घ्यावे, पहिले घट्ट, पिवळसर चिकाचे दूध टाकून न देता पाजावे आणि पुढे सहा महिने, डॉक्टरांनी दिलेल्या औषधाखेरीज, पाण्याचा थेंबही देऊ नये, हे आता बहुतेकांच्या कानावरून गेले आहे. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिन्यांखालील सुमारे ७१ टक्के बालके केवळ आईच्या दुधावर असल्याचे आढळले. पहिल्या तासात दूध मिळालेली बालके मात्र निम्म्याहून थोडीशीच अधिक होती. या आकड्यांचा अर्थ मी असा लावतो की, आईला पटलेले असते. पण त्या पहिल्या तासात निर्णय तिच्या हाती नसतो. तो खाटेभोवती उभ्या असलेल्यांच्या हाती असतो.

पाजल्यानंतरच्या वेळेचेही तसेच आहे. जुन्या मापाने एक घटका म्हणजे चोवीस मिनिटे. बाळाचे दूध पिऊन झाल्यावरची ही एक घटका घराने सांभाळावी, एवढेच माझे आजचे मागणे आहे.

नवजात बाळाचे जठर अगदी लहान असते. पहिल्या दिवशी ते चमचाभर दुधानेही भरते. जठर आणि अन्ननलिका यांच्यामधील झडपेसारखा स्नायू अजून पुरता आवळत नाही. दुधाबरोबर थोडी हवाही पोटात जाते, आणि बाळाला लगेच आडवे केले तर ती वर येताना दूधही घेऊन येते. यास्तव पाजून झाल्यावर बाळाला उभे धरावे, त्याची हनुवटी खांद्यावर टेकवावी, मानेला एका हाताचा आधार द्यावा आणि दुसऱ्या हाताने पाठ हळुवार चोळावी. काहीजण ढेकर निघेपर्यंत बाळाची पाठ बडवतात. त्याची गरज नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाला प्रत्येक वेळी ढेकर येतोच असे नाही. काही वेळ उभे धरले तरी पुरे. नंतर झोपवायचे ते पाठीवर. उशी नको, तोंडावर दुपटे नको. पाजल्याबरोबर झोळीत तर टाकूच नये, कारण झोळीत अंग वाकून हनुवटी छातीला टेकते व श्वासाची वाट अडते.

आपल्याकडे बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालण्याची पद्धत आहे. आजीच्या त्या हातांचा मला आदर आहे. मात्र पोट भरलेल्या बाळाला पायावर पालथे घालून चोळले, तर दूध उलटून श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. म्हणून आधी न्हाणे आणि मग दूध, असा क्रम ठेवावा. नाकात तेल सोडणे बंद व्हावे. ते फुप्फुसात उतरते. धुरीचा धूरही त्या कोवळ्या छातीला सोसत नाही. मध वर्षाच्या आत चाटवू नये, आणि सहाणेवर उगाळलेल्या गुटीतून काय काय पोटात जाते, हे ती सहाण कुठे ठेवलेली असते ते पाहिले की कळते. सासूबाईंना हे सुनेने सांगितले तर घरात वाद होतो. मुलाने सांगितले तर बहुधा होत नाही.

थोडेसे दूध ओठावाटे आले तर घाबरू नये. परंतु उलटी हिरवी असेल, त्यात रक्त असेल, ती जोराने लांब उडत असेल, बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार पडले किंवा ओठ निळे दिसू लागले, तर घटकाभरही न थांबता दवाखाना गाठावा. बाळाला दूध पुरते की नाही याची घरगुती खूण सोपी आहे. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस दिवसरात्रीत सहा किंवा अधिक वेळा लघवी झाली, तर दूध पुरते आहे असे समजण्यास हरकत नाही. ‘हिला दूधच नाही’ हे वाक्य मात्र घरातल्या कोणीही उच्चारू नये. धास्तावलेल्या आईचे दूध उतरण्यास वेळ लागतो, आणि मग बाटली येते.

या सगळ्यास डॉक्टरच हवा असे नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती काळजीचे शिक्षण दिले. तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा अहवाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आज आशाताई प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, त्यामागे हाच अनुभव आहे. त्या आल्या की घरातला पुरुष ओट्यावर जाऊन बसतो. त्याने आत थांबावे. बाळंतीण रात्रीत अनेकदा उठते. तिने पाजावे आणि बाळाला खांद्यावर त्याने घ्यावे. तेवढ्यात ती तांब्याभर पाणी पिईल, पाठ टेकील.

आता आपल्या अखत्यारीतील गोष्ट. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्चावयाची असते. ती बहुधा वर्षअखेरीस घाईने काहीतरी खरेदी करून संपवली जाते. त्याऐवजी पंचायतीच्या इमारतीत किंवा बाजाराच्या जागी एक आडोशाची खोली, टेकून बसता येईल असे बाक आणि पिण्याचे पाणी एवढे झाले तरी बाजारकरणीची सोय होईल. एस. टी. स्थानकांवर हिरकणी कक्ष उघडले गेले. रायगडाचा कडा उतरून गेलेल्या त्या मातेचे नाव ज्या खोलीवर आहे तिला कुलूप असेल, तर किल्ली कोणाकडे आहे हे विचारण्याचा अधिकार सरपंचांना निश्चित आहे. मुख्याध्यापकांना आणि कार्यालयप्रमुखांना एवढेच सांगतो की, बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळात दोनदा पाजण्यासाठी सवड देण्याची तरतूद १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यानेच केली होती. सवड मोजताना पाजल्यानंतरची ती घटकाही धरावी.

यानंतर आरोग्य केंद्राच्या परिचारिका कापडी बाहुलीवर बाळाला कसे धरावे ते दाखवणार आहेत. मागच्या रांगांतील पुरुष मंडळींनी कृपया पुढे येऊन बसावे.